काठावरचे पस्तीस

कोणाचाही प्रोग्राम चालला, तरी सर शाबासकी द्यायचे नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून वाकायचे आणि म्हणायचे, "मदलं सोडा. काठावरचं दावा."

बीडच्या त्या कॉम्प्युटर क्लासात मी पन्नाशीला टेकलेला कॉलेजचा क्लार्क, बाकी सगळी पोरं. सर धनगराघरचे, दहावीपर्यंत मेंढरांमागं हिंडलेले. लांडगा कळपातलं मधलं जनावर नेत नाही, काठावरचं नेतो, म्हणून प्रोग्रामलाही काठावरचेच आकडे घालून दाखवायचे, एवढंच त्यांचं शास्त्र.

एकदा गुणांवरून पास-नापास सांगणारा स्विच, म्हणजे आकड्यानुसार प्रोग्रामला वाट दाखवणारा तुकडा, लिहायचा होता. एका पोरीनं पस्तीसपासून शंभरपर्यंत दर आकड्याला वेगळी केस, म्हणजे वेगळी वाट, लिहिली, सहासष्ट ओळी! आम्ही फिदीफिदी हसलो. सर हसले नाहीत. तिला चहा पाजला, हात दुखला का विचारलं आणि फळ्यावर दाखवलं, की गुणांना दहानं भागून बाकी सोडून दिली तर बासष्ट काय नि अडुसष्ट काय, दोन्ही सहाच्याच केसमध्ये जातात. पण तीनच्या केसला जपा, असं ते पुढं बजावत होते. तिथं चौतीसवाला नापास आणि पस्तीसवाला पास एकत्र येतात, म्हणून आत आणखी एक अट घालायची. मी तोवर वही मिटली होती. शहाणा ना मी!

आमच्या नर्सिंगच्या प्रवेश चाचणीचा निकाल मी त्याच युक्तीनं काढला. तीनची केस सरसकट नापासात टाकली. वीस, पन्नास, बहात्तर घालून पाहिले, बरोबर आलं. यादी कॉलेजच्या फळ्यावर लावली आणि मोठ्या दिमाखात सरांना बघायला बोलावलं.

त्यांचं बोट यादीवरून खाली आलं आणि थांबलं.

"पस्तीस... नापास?"

मला ती मिटलेली वही आठवली.

तीस ते एकोणचाळीस गुणांत एकच नाव होतं, लिंबागणेशकडच्या एका धनगराच्या सुनेचं. पास झाली तर माहेरी राहून शिकेल, नाही तर मेंढरांमागं येईल, असं सासऱ्याशी ठरलेलं. शिपाई म्हणाला, बाई सकाळीच यादी बघून गेल्या, रडत होत्या. प्रवेशाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

सरांना मागं बसवून मी स्कूटर पिटाळली. विचारत विचारत कळप कपिलधारच्या वाटेवर गाठला. हात जोडून सासऱ्याला सगळं सांगितलं. म्हातारा शांतपणे म्हणाला, चूक झाली ती झाली, पण माणूस कमी पडतंय. धाकला पोरगा आठ दिवसांनी येईल, तोवर सुनेला सोडता येणार नाही.

आता काय? मी नुसता घाम पुसत उभा.

सर पुढं झाले. पँट दुमडली आणि सुनेच्या हातातली काठी घेतली. "जा बाई. तुज्या जागी मी हाय."

"अहो सर, क्लास?"

त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "कुलूप लावा. आन् कावून लावलं, ते पोरांना तुमीच सांगा."

ती स्कूटरवर मागं बसली. वळणावर मी आरशात पाहिलं. मेंढरं पुढं निघाली होती आणि सर कळपाच्या काठानं चालले होते.