स्क्रीनवर मांडलेला स्टुडिओ

पासपोर्टचे फोटो काढण्यात ज्याची हयात गेली, त्या फोटोग्राफरला सारी गल्ली 'हसूनका' म्हणायची. "मान वर. जरा डावीकडे. हसू नका," असं गिऱ्हाइकांना सांगता सांगता तो स्वतःच हसायचं विसरला, हे त्याच्या बायकोचं मत. आणि बाई काही खोटं बोलत नव्हती.

स्टुडिओतला कॉम्प्युटर जुनापुराणा. मॉनिटरला पाठीमागे हे भलंमोठं पोट, आणि सुरू होईस्तोवर माणसाचा चहा पिऊन व्हायचा. तरी हसूनका तो बदलायचं नाव काढत नसे, कारण बायकोने त्या स्क्रीनवर अख्खा स्टुडिओ मांडला होता. सगळीकडे तीच ती पिवळी फोल्डरं बघून तिला वीट आला होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती पेंट उघडून बसायची आणि माउसने एकेक ठिपका भरत इवलाली चित्रं काढायची. लग्नाच्या फोटोंना लाइटची पांढरी छत्री, पासपोर्टवाल्यांना गिऱ्हाइकाचं स्टूल, रीसायकल बिनला टेबलाखालची कातरणांची बादली. त्यातही खोलीत जी वस्तू जिथे, स्क्रीनवर ती तिथेच. "आंधळ्यालाही सापडेल," ती म्हणायची. "तुम्हाला मेलं डोळे असून सापडत नाही."

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून ती दूरच्या शहरात गेली, ती नातू चालायला लागला तरी परतली नव्हती. फोनवर दोघं बोलायची ते असं: "बरी आहेस?" "बरी." "बाळ?" "दात आले." कधी येतेस, हे मात्र याच्या तोंडून निघत नसे. विचारलं आणि नाही म्हणाली तर? त्यापेक्षा झाकली मूठ बरी. तिच्या आठवणीने जीव कासावीस झाला की तो स्क्रीनकडे बघत बसायचा.

एकदा प्रिंटर अडला. दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकला वाटलं, म्हाताऱ्याच्या स्क्रीनवर काय हा पसारा! जाता जाता त्याने मेहेरबानी केली आणि सगळे आयकॉन आपोआप ओळीत लावून दिले. छत्री, आरसा, स्टूल, बादली, सगळी डावीकडे रेशनच्या रांगेत उभी.

तो गेल्यावर हसूनका माउस घेऊन बसला. त्याने छत्री ओढून खिडकीपाशी नेली, तर ती टुणकन परत रांगेत. पुन्हा नेली, पुन्हा परत. मेकॅनिकच्या सात पिढ्या उद्धरत त्याने शेवटी मेनूतली ती आपोआप रांगेची खूण शोधली, काढली, आणि खोलीकडे बघत एकेक वस्तू जागेवर लावली. आरसा दाराजवळ. कपाट कोपऱ्यात. स्टूल फोटोच्या पडद्यापुढे.

आणि पडद्यामागची तिची खुर्ची? तिथे बसून ती फोटो कापायची. खुर्चीचं चित्र कुठेच दिसेना. बादली धुंडाळली, तिथेही नाही. मेकॅनिकला फोनवर फैलावर घेतलं. तो शपथेवर म्हणाला, "मामा, मी फक्त ओळीत लावलं, उडवलं काहीच नाही."

शेवटी त्याने बायकोलाच फोन लावला.

"अगं, तुझी खुर्ची सापडत नाही."

"असेल की पडद्यामागे."

"खरी नाही गं. स्क्रीनवरची. बाकी सगळं लावलं मी."

"मी काढलीच नव्हती हो ती."

"का?"

"तुम्हाला लागतं तेवढं काढलं. माझी खुर्ची तुम्हाला कशाला लागायची?"

"लागते," तो म्हणाला. "करमत नाही मला. कधी येतेस?"

"एवढं विचारायला इतके दिवस लागले?" ती म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. तेवढ्यात मागे नातवाने भोकाड पसरलं, फोन ठेवावा लागला, आणि येते की नाही ते राहूनच गेलं.

दुपारभर तो माउस धरून एकेक ठिपका भरत राहिला. खुर्चीचा एक पाय आखूडच झाला. एक नवं, रिकामं फोल्डर करून त्याने त्याला ते चित्र दिलं आणि खुर्ची थेट स्क्रीनच्या मधोमध ठेवली.

मग तो उठून पडद्यामागे गेला. ती गेल्यापासून खऱ्या खुर्चीवर त्याने कागदाची खोकी रचून ठेवली होती. ती त्याने एकेक करून खाली उतरवली.