दिनकररावांची दोन्हीकडून पिनांची वायर

साठ सालाच्या आसपास अकोल्याच्या जठारपेठेत आम्ही दोघं-तिघं घरच्या घरी अँप्लिफायर बनवायचो. त्यातले निम्मे किस्से मी कधीच विसरलो असतो. पण जुनं कोणी भेटलं की हमखास विचारतं, "ती वायर आठवते का?" आणि सगळं पुन्हा उकरून निघतं.

वायर दिनकररावांची. ते शाळेत गणित शिकवायचे. यंत्राची जाण उत्तम, पण प्लगच्या बाबतीत माणूस महाहट्टी. स्पीकरच्या वायरीला वेगळा जॅक लागतो, तो मुंबईहून मागवावा लागे. दिनकरराव म्हणत, "मुंबईची वाट कोण पाहीन? कोपऱ्यावर मिळते ते लावा." कोपऱ्यावर मिळायचा घरातल्या दिव्याचा साधा दोन पिनांचा प्लग. तो त्यांनी वायरीच्या दोन्ही टोकांना लावला आणि अँप्लिफायरला, स्पीकरला भिंतीवरचेच सॉकेट ठोकले.

ती वायर मी उलटसुलट करून पाहिली. म्हटलं, "अहो, एक टोक चुकून भिंतीत गेलं, तर दुसऱ्या टोकाच्या पिनांत करंट येईल. कोणाचा तरी जीव जाईल."

"चुकून काहून जाईन? आपण काय आंधळे आहो?"

\*

त्यांचे शेतकरी मित्र गुलाबराव कापूस घेऊन आले की त्यांच्याकडेच उतरत. एकदा दिनकरराव आंघोळीला गेलेले आणि गुलाबरावांना गाणं ऐकायची हुक्की आली. त्यांनी वायरीचं एक टोक स्पीकरमध्ये खुपसलं आणि दुसरं सरळ भिंतीत.

स्पीकर असा घुमला की शेजारी बाहेर आले, मीही धावलो. मग धूर निघाला. दिनकरराव टॉवेलवरच धावत आले. गुलाबराव शांत.

"मास्तर, एकदाच बोलला तुमचा डब्बा. पन लय मोठ्यानं बोलला."

मी कपाळाला हात लावला. दिनकरराव मला म्हणतात, "पाह्य, जीव कोणाचाच गेला नाही."

\*

अमरावतीच्या एका शाळेत हेडमास्तरांचा निरोपसमारंभ होता. यंत्र दिनकररावांचं, मी सोबत. हेडमास्तर बोलायला उभे राहिले, तर स्पीकर मुका आणि टेबलावरचा दिवा मिणमिणतो आहे. ते आवाज चढवत की दिवा पेटे, श्वास घेत की विझे. शिपायानं दिव्याचा प्लग अँप्लिफायरच्या स्पीकर-सॉकेटात बसवला होता. त्याला तरी काय बोलणार, प्लग नीट बसत होता.

सगळी सभा दिव्याकडे पाहत बसली. शेवटी हेडमास्तरांनी चष्मा काढला.

"मास्तर, हा दिवा माझं भाषण ऐकून राहिला काय?"

\*

त्यानंतर मी भांडलोच. तेव्हा कुठे दिनकररावांनी रंगाच्या डब्या आणल्या. भिंतीत जायच्या प्लगला लाल टिकली, स्पीकरच्या वायरीला दोन्हीकडे पिवळी. कुसुमवहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या, "भाऊजी, आता निवांत झोपा." आणि मी खरंच निर्धास्त झालो. तेच चुकलं.

दसऱ्याला सकाळी चौकात भजन होतं. मी स्पीकरजवळ वायरीचं एक टोक हातात धरून उभा. पलीकडे दिनकररावांनी वायरींच्या गुंत्यातून लाल टिकलीचा प्लग शोधला आणि भिंतीत घातला.

मी उडालो तो थेट सतरंजीवर. काही वेळ मला माझं नाव आठवेना. दिनकरराव पांढरेफटक पडले होते. "लालच होता रे. मी पाहूनच लावला."

मी पडल्या पडल्या हातातला प्लग पाहिला. त्यावरही लाल होतं. शेजारी पिवळं. बाकीच्यांवरही तसंच. आदल्या दिवशी खंडेनवमी. वहिनींनी घरातल्या हत्यारांची पूजा केली होती आणि पेचकसापासून एकूण एक प्लगला ओलं हळदकुंकू लावलं होतं.

वहिनी गर्दीतून पुढे आल्या. "मी एकही सोडला नाही हो, भाऊजी."

त्याच दिवशी दिनकररावांनी मुंबईला जॅकसाठी पत्र टाकलं.

\*

पुढच्या खंडेनवमीला मी त्यांच्याकडे गेलो. नवे जॅक पाटावर ओळीनं मांडलेले होते, पण अगदी कोरडे. म्हटलं, "वहिनी, पूजा राहिली वाटते."

"राहिली कुठं? तुमचीच वाट पाहून राहिली होती. उजवा हात करा पुढं."

माझ्या दोन बोटांवर त्या पिनांचे दोन डाग अजून होते. वहिनींनी एकावर हळद लावली, एकावर कुंकू.