चौथा फोटो

आमच्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेतले परिचर मेश्रामकाका प्रोजेक्टवाल्या प्रत्येकाला दारातच अडवायचे. खिशातून काचेला तडा गेलेला जुना फोन काढून म्हणायचे, "आधी माह्या फोनवर चालवून दाखव, मंग सरले दाखवजो. याच्यावर चाललं त कोनाच्याही फोनवर चालन."

माझं अ‍ॅप धानाच्या रोगट पानांचे फोटो जपून ठेवणारं होतं. बाबा कुहीजवळ धान लावतात. घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. परीक्षेच्या दोन दिवस आधी काकांनी कुंडीतल्या मनीप्लांटचे फोटो काढून पाहिले. चौथ्याला अ‍ॅप बंद पडलं.

"काहून वं, तुह्या अ‍ॅपले तीनच पानं झेपते का?"

मी हसले. पण कारण मला कळलं होतं. फोटोची फाइल लहान दिसते. उघडली की तिचा एकेक ठिपका मेमरीत जागा मागतो. मी प्रत्येक फोटो पूर्ण आकारात उघडत होते, आधीचे मोकळेही करत नव्हते. पडद्यापुरता लहान करून उघडला असता तर भागलं असतं. एका दुपारचं काम. पण मैत्रिणीच्या नव्या फोनवर सगळं छान चालत होतं. मी तोच घेऊन परीक्षेला गेले.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो महागडा फोन पाहिला. "शेतकऱ्याकडे असा असतो का?" आमच्या सरांनी काकांना हाक मारली. त्यांच्या फोनवर चौथ्या फोटोला अ‍ॅप बंद पडलं.

"सर, हा फोनच बिघडलेला आहे," मी म्हणाले.

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "हो सर. माहाच फोन बिघडला हाय."

मला चांगले गुण मिळाले.

त्यानंतर काका कुणाला अडवेनात. एका ज्युनिअरने आपणहून फोन मागितला तर म्हणाले, "बिघडलेला हाय गा." ते ऐकून मी अ‍ॅप दुरुस्त केलं आणि त्यांच्याकडे गेले. त्यांनी कुंडी, कुलूप, किल्ल्या, माझा पडलेला चेहरा, असे वीस फोटो काढले. अ‍ॅप बंद पडलं नाही.

"काका, आता पोरांना पुन्हा अडवा ना."

"कसा अडवू वं? सरसमोर मीच बोललो ना, बिघडला म्हणून. आता तू सरले खरं सांगशीन तवाच."

"सांगते," मी म्हणाले.

गेल्या महिन्यात काका निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. सर पहिल्या रांगेत होते. मी काकांच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलले. फोनचा विषयच काढला नाही. सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या त्या काकांनी. त्यांच्या शर्टाच्या खिशातून फोनची तडकलेली कड दिसत होती.

हे पान मी आधी सरांना वाचायला देणार आहे. सर, काकांचा फोन चांगला होता.