मैदानावर नकोत, तर रंभाच्या दारात

रंभा घरतला राग पटकन यायचा आणि लवकर जायचा नाही, हे आंबेखोलात सगळ्यांना ठाऊक होतं. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे हे गाव येतं. रस्त्याच्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला गोल्फचं मैदान. त्या मैदानात रंभाच्या सासऱ्यांचं भाताचं शेत गेलं. बंगले होणार, घरटी एकाला नोकरी मिळणार, असं सांगून बिल्डरने ते घेतलं होतं. बंगले झालेच नाहीत. नोकरी मिळाली ती रंभाला, मैदानातलं तण उपटायची, रोजंदारीवर. नवी नवरी असताना जिथे तिने लावणी केली होती, तिथेच ती वीस वर्षं उकिडवी बसून गवतातून गवत निवडत राहिली. मग गुडघे गेले आणि काम सुटलं. नवरा त्याआधीच वारला होता.

गेल्या वर्षी मैदानाच्या कडेने, महामार्गाकडे तोंड करून मोठाले जाहिरात फलक उभारायचा प्रस्ताव पालिकेकडे गेला. मैदान चालवणाऱ्या कंपनीला भाडं हवं होतं. खेळायला येणाऱ्या सभासदांना मात्र फलक नको होते, कारण खेळताना समोर दिसणारा डोंगर त्यांच्यामागे झाकला गेला असता. त्यांचा पुढारी अवधूत प्रधान, बड्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस, स्वतः रंभाच्या ओटीवर आला. चहा घेतला, कप धुऊन ठेवतो म्हणाला.

"मावशी, ही लढाई आपल्या दोघांची आहे. एवढाले लोखंडी सांगाडे, वादळात कोसळले तर? रात्रभर डोळ्यांवर दिवे. तुम्ही बोललात तर ऐकतील ते."

रंभाला ते पटलं. सुनावणीच्या दिवशी सभासदांनी गावासाठी टेम्पो केला, रंभाला प्रधानांच्या गाडीत पुढे बसवलं. पालिकेतर्फे सुनावणी घ्यायला ज्युडिथ रोहेकर नावाच्या बाई होत्या, कमी बोलणाऱ्या, समोरच्याचं पुरतं ऐकून घेणाऱ्या. रंभा उभी राहिली.

"बाई, त्या रस्त्यानं आमची पोरा शालंत जातान. वाऱ्यानं लोखंड पडला तं कोनाच्या डोक्यावर पडंल?"

हॉल भरलेला होता. टाळ्या पडल्या. महिन्याभरात प्रस्ताव फेटाळला गेला आणि प्रधानांनी गावात पेढे पाठवले.

पावसाळा सरला आणि एका सकाळी रंभाच्या घरासमोर मोजणीवाले आले. समोरची मोकळी जागा, गावच्या शाळेपासून पार गावाबाहेरपर्यंत रस्त्याकडेने गेलेली, तिच्या धाकट्या दिराची, कमळाकरची. तो चुन्याच्या रेघांजवळ उभा होता.

"कमळाकर, ह्या काय?"

"फलक, वयनी. पलीकडं परवानगी नाय मिळाली, म्हनून जाहिरातवाल्यांनी माझी जागा मागितली."

"आन पडला तं? माझ्या घरावर?"

"नाय पडत. आन जागा माझी हाय."

रंभाने प्रधानांना फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला गेला.

"मावशी, ते आता मैदानावर येत नाही ना. आम्ही त्यात कसे बोलणार?"

"नाय बोलनार? मंग माझ्या घरी च्या प्यायला कशाला आलते?"

फोन बंद झाला. रंभाने त्या दिवशी चूल पेटवली नाही.

दुसऱ्या सुनावणीला ती शेजारच्या दोघींना घेऊन रिक्षाने गेली. गावातले बरेचजण कमळाकरला दुखवायला नको म्हणून घरीच राहिले. मैदानवाल्यांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"शाळेसमोरचा फलक मी नाकारते," ज्युडिथबाई म्हणाल्या. "पण बाकीच्यांना जागामालकाची संमती आहे, अंतरही नियमात बसतं. हरकत घेणाऱ्या तुम्ही तिघीच."

"मानसा जास्त आली तं लोखंड पडतंय, आन मानसा कमी आली तं नाय पडत?"

ज्युडिथबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण तीन हरकतींच्या जोरावर मला ते कागदावर अडवता येत नाही. पुढच्या गुरुवारची तारीख देते. माणसं आणा."

माणसं कुठून आणायची ते रंभाला रिक्षातच सुचलं.

रविवारी मैदानावर स्पर्धा होती. नाल्याकडच्या तुटक्या कुंपणातून रंभा आत शिरली. मागे गावातल्या बायका होत्या. ज्या सुनावणीला यायला कचरल्या होत्या, त्याही. जिथे चेंडू खळग्यात घालतात त्या मऊ हिरवळीवर त्या खळग्याभोवती मांडी घालून बसल्या. रखवालदार ओरडला. खेळणारे काठ्या टेकून उभे राहिले. पांढरी टोपी सावरत प्रधान धावत आले.

"मावशी, उठा आधी! हे ग्रीन आहे, खराब होईल."

"वीस वरसा मी हिथंच बसले व्हते. तवा नाय झाला खराब?" तिचा आवाज चिरकला. "तुमच्या डोंगरासाठी मना गाडीत बसवून नेला. माझ्या घराची पाळी आली तं तुमी फोन ठेवताव?"

"तुम्हाला हवंय तरी काय?"

"गुरवारी या. सगली या."

"बघू."

"बघू नाय. तवर आमी हिथंच."

कुणीतरी पोलिसांना फोन केला. आलेल्या हवालदाराने बायका पाहिल्या, ऊन पाहिलं आणि प्रधानांना बाजूला घेऊन मिटवून टाका म्हणाला. प्रधानांनी सगळ्यांसमोर येतो म्हणून सांगितलं, तेव्हा बायका उठल्या.

गुरुवारी ते पंधरा-वीस सभासदांसह आले. चांगलं बोलले, पण रंभाकडे एकदाही पाहिलं नाही. ज्युडिथबाईंनी घरांसमोरचे फलक रद्द केले. गावाबाहेर, कमळाकरच्या जागेच्या टोकाला दोन मंजूर झाले. तेवढं त्यांनाही टाळता आलं नाही.

बाहेर प्रधानांनी गाडीचं दार उघडून धरलं. "झालं ना मावशी समाधान?"

"समाधान?" रंभा म्हणाली. "तुमचा गवत आडवला तवा तुमी आले. मी बोलावला तवा नाय आले. ह्या मी इसरनार नाय."

ती बायकांबरोबर रिक्षाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. ते दोन फलक आता गावाबाहेर उभे आहेत, आणि कमळाकर ओटीसमोरून जाताना हाक मारतो तेव्हा ती आत निघून जाते.