डक्टकाकांचा सहा इंची लायनर

डक्टकाका कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघायचे. यजमान "या, या" म्हणत उभा, आणि हे सरळ स्वयंपाकघरात, एक्झॉस्टच्या जाळीखाली. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी उदबत्ती असायची. ती पेटवून जाळीखाली धरायची, धूर कुठे जातो ते पाहायचं, मग चहा. दुबईत, अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना सुरुवातीला वाटलं होतं, माणूस भलताच देवभक्त आहे.

रास अल खोरला हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतला धूर बाहेर नेणारे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये ते फोरमन होते आणि मी ऑफिसात टायपिस्ट. "आगीला सगळे घाबरतात गं वैशाली, धुराचा विचार कुणी करत नाही," हे मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावं लागे. एकदा एका हॉटेलचा मॅनेजर डक्ट अरुंद करा म्हणून हटून बसला, तर काका शांतपणे म्हणाले, "हबीबी, धुआँ ऑर्डर नहीं सुनता." पत्र्याच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणाचंच चालत नसे.

चाललं नाही ते लेकीपुढे. मृणाल दुबईत वाढलेली, लग्न होऊन कॅनडात गेलेली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिने आणि जावयाने तिकडे जुनं घर घेतलं आणि विटांच्या फायरप्लेसमध्ये लाकडावरचा लोखंडी स्टोव्ह बसवायचं ठरवलं. धूर जुन्याच चिमणीत सोडणार, आत पाइप नाही, हे फोनवर कळलं आणि काकांना जेवणच जाईना.

"एवढ्या रुंद चिमणीत धूर रेंगाळणार, गार होणार, भिंतींना डांबरासारखा चिकटणार. एक दिवस ते डांबरच पेटेल! स्टोव्हच्या तोंडाएवढा सहा इंची लायनर, म्हणजे आतून पाइप, पार वरपर्यंत न्यायला हवा. स्टेनलेस, थ्री सिक्स्टीन ग्रेडचा. वरून इन्सुलेशन."

ते सांगत, मी इंग्रजीत टाइप करी, खाली ते स्वतः आकृती काढत. असे सात फॅक्स गेले. उत्तर एका ओळीचं आलं: "बाबा, डोन्ट वरी सो मच!" स्टोव्ह बसवणाऱ्या तिथल्या माणसाने म्हणे लायनरची गरज नाही असं सांगितलं होतं. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन, आणि काका घाम पुसत म्हणायचे, "आता तिकडे थंडी सुरू होईल."

शेवटी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या हाताने लायनर बनवला. फूट-फूट लांबीचे तुकडे, एकात एक बसणारे. जावयाने कळवलं, इकडे तपासणीचा सरकारमान्य शिक्का असलेलाच माल चालतो. "सगळ्या दुबईला माझा हात चालतो," काका म्हणाले, "पोरीच्या घराला चालत नाही."

ऑक्टोबरात ते पेढे घेऊन आले. "यल्ला, खलास! झालं काम! मी सांगितला तोच लायनर घातला पोरीने."

दोन दिवसांनी ऑफिसात मृणालचा फोन आला, माझ्यासाठी. "ताई, प्लीज डोन्ट टेल बाबा. लायनर वॉज टू एक्स्पेन्सिव्ह. वी सोल्ड द स्टोव्ह. बाबांना कळलं तर म्हणतील, माझ्यामुळे पोरगी थंडीत बसली."

काका दर शुक्रवारी तिला फोनवर विचारत, "धूर नीट ओढतो ना?" ती हो म्हणे, आणि शनिवारी ते मला आनंदाने सांगत. सांगावं तर त्यांचा जीव जाणार, न सांगावं तर माझा. मला स्वतःचा राग यायचा, पण तोंड उघडलं नाही.

दोन वर्षांनी त्यांना व्हिसा मिळाला आणि ते महिनाभर लेकीकडे जाऊन आले. तो महिना मी कसा काढला, माझं मला माहीत. परतल्यावर पहिल्याच दिवशी ते माझ्या टेबलाशी आले, चॉकलेटचा डबा ठेवला. काहीतरी विचारायलाच हवं होतं.

"लायनर पाहिलात, काका?"

"पाहिला की. सहा इंची, थ्री सिक्स्टीन. धूर असा सरळ वर जातो, बघत राहावं." जो लायनर कधी बसलाच नव्हता, त्याचं ते पाच मिनिटं वर्णन करत होते. लेकीला कुणी खोटारडी म्हणू नये म्हणून. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "पोरीचं घर छान उबदार आहे गं."

"बरं झालं, काका," मी म्हणाले.