कळव्याच्या खोलीतला पॉवरपीसी

मी जर्मनीला निघाले तेव्हा आमच्या कळव्याच्या खोलीत रडारड झाली नाही, वजनावरून भांडण झालं. पप्पांनी नाक्यावरच्या मासेवाल्या मावशींचा लटकवायचा काटा मागून आणलेला. बॅग अडकवली की काटा भलतीकडेच जायचा. आईने भरलेलं सामान म्हणजे वर्षाचा मसाला, कुळथाचं पीठ, कोकमं आणि कोकमाच्याच आगळाची बाटली. मी भरलेली वस्तू एकच: एक लोखंडी डबा, त्यात एक सर्किट बोर्ड, आणि त्या बोर्डावर पॉवरपीसी जातीचा एक जुना प्रोसेसर.

"तो डबा काढ," आई म्हणाली. "तिकडं मशीनं मिळतात. कुळथाचं पीठ मिळत नाही गो."

हे खरंच होतं. डबा बाहेर आला, आईच्या शिलाई मशीनशेजारी जाऊन बसला, आणि मी पिठासकट परदेशी गेले. विमानतळावर पप्पांनी एवढंच सांगितलं, "साहेबाला उलट बोलायचं नाही. पण तो चुकत असेल तर बोलायचं." ते कोलशेतच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथे ते स्वतः कसे वागले असतील ते यावरून मला कळलं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. हे मी अभिमानानेच लिहिते, लाजायचं कारण नाही. डिग्री घेतल्यावर घोडबंदर रोडवरच्या एका लहान कंपनीत लागलेले. ती कंपनी कापडगिरण्यांच्या यंत्रांना लागणारे कंट्रोलर बनवायची आणि त्यात हा पॉवरपीसी असायचा. घरी कुणी विचारलं की आई सांगायची, "कॉम्प्युटरमध्ये आहे." पण माझं काम कॉम्प्युटरच्याही खालच्या मजल्यावरचं. प्रोसेसरला वीज दिली म्हणून त्याला काही समजत नाही. मेमरी कुठे आहे, घड्याळ कुठे, नेटवर्कची तार कुठल्या दारातून येते, हे सगळं त्याला कुणीतरी सांगावं लागतं. नवीन सुनेला घर दाखवतात ना, मोरी इथे, डबे तिथे, गॅसचं बटण जरा दाबून फिरव, तसं. ऑपरेटिंग सिस्टीमला हे असं घर दाखवणारा कोड मी लिहायचे. अजून तेच करते.

पुढे गिरण्यांची मागणी आटली आणि कंपनीने ते कंट्रोलर बंद केले. भंगारात निघालेला एक बोर्ड साहेबांनी मला दिला. म्हणाले, "तू एवढं त्याच्याशी बोललीयेस, तूच घेऊन जा."

न्यूरेम्बर्गला आले तेव्हा पहिलं काय खुपलं असेल तर रविवार. इथे रविवारी कुणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही. आमच्या चाळीत रविवार म्हणजे कुकरच्या शिट्ट्या, कुणाच्या तरी विळीवर कापलं जाणारं चिकन, आणि कॉमन गॅलरीत "अरे बॉल कोणी टाकला?" म्हणून ओरडा. तेव्हा कानावर हात ठेवून अभ्यास केला. इथे हवी तेवढी शांतता मिळाली, तर तिचं काय करावं ते कळेना.

म्हणून मी त्या डब्याला कामाला लावलं. पप्पांनी घरी इंटरनेट घेतलेलं. सुट्टीत घरी गेले तेव्हा बोर्डाला एक छोटा कॉम्प्युटर जोडून आले, म्हणजे न्यूरेम्बर्गमधून मला त्या बोर्डाशी बोलता येईल. बोर्डाचा आवाज, म्हणजे तो लिहून पाठवतो ती अक्षरं, त्या छोट्या कॉम्प्युटरपर्यंत नेणारी वायर एकच. आणि दोन गोष्टी तारेवरून होत नाहीत. बोर्ड अडकला की कुणीतरी उठून वीज बंद-चालू करावी लागते, आणि नवी सिस्टीम घातलेलं मेमरी कार्ड छोट्या कॉम्प्युटरमधून काढून बोर्डात सरकवावं लागतं. हे काम आईकडे गेलं. तिने ते शिलाईच्या कामासारखं अंगावर घेतलं. दर रविवारी दुपारी फोन. मी म्हणायचे, बंद कर. ती म्हणायची, केलं. चालू कर. केलं. दिवा? "हिरवा लागलाय. बाजूचा डोळा मारतोय." मग ती तिकडे कुणाच्या ब्लाउजचं काज करत बसायची आणि मी इकडे पडद्यावर अक्षरं उमटायची वाट बघायचे. बोलायला विषय नसला तरी फोन चालू असायचा. माझ्यासारख्या बाहेरदेशी आलेल्यांना विचारा, घरी फोन लावल्यावर "जेवलीस का" नंतर काय बोलायचं हा प्रश्न किती मोठा असतो. आमच्याकडे तो प्रश्न नव्हता. आमच्याकडे बोर्ड होता.

मागच्या दसऱ्याच्या सुमारास मेल आली. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम जगभरची माणसं मिळून लिहितात, आणि तिचा पॉवरपीसीचा भाग सांभाळणाऱ्या बाईंनी सगळ्यांना विचारलेलं: हा अमुक जुना प्रोसेसर अजून कुणी चालवतं का? नसेल तर त्याचा कोड पुढच्या आवृत्तीतून काढून टाकते. यात दुष्टपणा नाही, ही तिथली रीतच आहे. कुणी चालवत नाही तो कोड नुसता ओझं. राहायचा असेल तर ज्याच्याकडे खरं यंत्र आहे त्याने पुढे यावं, नवी आवृत्ती त्यावर चालवून दाखवावी आणि खाली नाव लिहावं.

मी त्याच दिवशी उत्तर दिलं, मी चालवते.

त्या रविवारी आईने नवं कार्ड घातलं, बटण दाबलं. पडदा कोरा. एक अक्षर नाही. पॉवरपीसी आकडे मोठ्या बाजूने लिहितो, हल्लीचे बहुतेक प्रोसेसर उलटे, त्यामुळे दुसऱ्यांनी लिहिलेला कोड याच्यावर अधूनमधून आपटतो. मला वाटलं तसंच काही झालंय. आईला म्हटलं, पप्पांच्या पत्र्याच्या डबीतलं जुनं कार्ड घाल. नेहमी चालणारं ते. घातलं. तेही गप्प. नवी सिस्टीम चुकली असती तर मी दुरुस्त केली असती. जुनीही बोलत नाही म्हणजे बोर्डच गेला. दुसरा माझ्याकडे नाही, बाजारात मिळत नाही. बोर्ड नाही तर माझं उत्तर खोटं, कोड जाणार, आणि माझा रविवारही.

आईला सांगितलं, "आई, तो गेला बहुतेक. म्हातारा होता."

तिकडे शिलाई मशीनचा आवाज थांबला. मग म्हणाली, "दिवा तर हिरवा आहे."

"दिव्याचं काय, आतून गेला असेल."

"नाही गं." म्हणाली, "खंडेनवमीला पूजा केली ना."

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. पप्पा रिटायर झाले तरी त्यांचे पाने आणि मायक्रोमीटर पाटावर येतात, आईची कात्री येते. त्या वर्षी आईला वाटलं, हा पोरीचा डबा वर्षभर राबतो, त्याला कुणी हात जोडत नाही. तिने वायरी काढल्या, डबा पाटावर घेतला, वर झेंडू ठेवला, आणि कुंकू लावायला त्याचं तोंड शोधलं. डब्याच्या पुढे अक्षरं नेणारी ती वायर लागते ते पिनांचं भोक तिला तोंडासारखं दिसलं. ओलं हळदकुंकू तिथे बोटाने भरून लावलं. मग वायर परत घट्ट बसवली.

मी व्हिडिओ लावायला सांगितला. पप्पांनी वायर उपसली तर आत लाल-पिवळा लगदा. मी हसायला लागले आणि थांबेचना. पप्पा मात्र गंभीर. त्यांनी स्पिरिटची बाटली आणि जुना टूथब्रश घेतला, एकेक पिन घासली, वर आईला सुनावलं, "देवाला पण श्वास घ्यायला जागा ठेवतात."

"तुमच्या पान्यांना लावलेलं बरं चालतं," आई म्हणाली.

नवं कार्ड पुन्हा घातलं. बटण दाबलं. न्यूरेम्बर्गच्या माझ्या पडद्यावर पहिली ओळ आली, मग दुसरी, मग भरभर सगळ्या. बोर्ड पहिल्यापासून ठीक होता. तो बोलत होता, आमच्यापर्यंत पोचत नव्हतं. मी खुर्चीवर बसून राहिले आणि आईला दिसू नये म्हणून कॅमेरा जरा वर केला.

चाचणीचा सगळा निकाल मी मेलने पाठवला. खाली नावं लिहायची असतात. कोड सांभाळणारी म्हणून माझं नाव लिहिलं. त्याच्याखाली दुसरी ओळ असते, यंत्रावर चालवून कुणी पाहिलं त्याची. तिथे मी आईचं पूर्ण नाव लिहिलं, कारण चालवून तिनेच पाहिलेलं. बाईंनी विचारलं, या कोण? मी लिहिलं, बोर्ड यांच्या हातात असतो. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. प्रोसेसर राहिला.

ऑफिसातल्या एकाने सुचवलं, बोर्ड इथे लॅबमध्ये मागव, वीज आपोआप बंद-चालू करणारं यंत्र बसवून देतो. चांगला मुलगा आहे. त्याला मी नको म्हटलं, कारण सांगितलं नाही.

पप्पांच्या कारखान्याच्या जागी आज टॉवर आहेत. माझ्या पहिल्या कंपनीच्या जागी जिम आहे. आमची चाळही पाडायची बोलणी चाललीयेत. गावाला कुणी विचारलं, घर कुठे, तर मी आधी कळवा म्हणायचे, मधली काही वर्षं न्यूरेम्बर्ग म्हणायला लागलेले, आणि दोन्ही म्हणताना अडखळायचे.

त्या ओळीबद्दल आईला सांगितलं तेव्हा ती आधी रागावली, माझं कशाला, यांचं घालायचं. मग थोड्या वेळाने विचारलं, "किती दिवस राहील गं ते नाव?"

मी सांगितलं, कायमचं. उद्या तो कोड काढून टाकला तरी कुणी काय लिहिलं, कुणी तपासलं, ही नोंद पुसत नाहीत.

"म्हणजे बघ," ती म्हणाली, "लाइटबिल अजून सासऱ्यांच्या नावानं येतं. दारावरच्या पाटीवर ह्यांचं नाव. माझं गेलं ते डायरेक्ट तिकडं."

आईचं नाव दारावर असलेलं आमचं एकच घर आहे, त्या कोडातलं, आणि ते मी बांधलंय. आता घर कुठे असं कुणी विचारलं की मला ते आठवतं.