गालांची चर्चा

परळच्या आमच्या कचेरीत मनोरंजन विभागाला दर आठवड्याला ‘तेव्हा आणि आता’ द्यावं लागतं. वेबसाइटवर एका बाजूला कलाकाराचा जुना फोटो, दुसऱ्या बाजूला नवा. म्हातारे झालेले परदेशी रॉक गायक सगळ्यात जास्त वाचले जातात. केस विरळ झाले असतील तर वाचक हळहळतात, दाट असतील तर विग शोधतात. कपाळ गुळगुळीत दिसलं की इंजेक्शन, हनुवटी लोंबत नसली की शस्त्रक्रिया. मथळ्याच्या शेवटी आम्ही प्रश्नचिन्ह टाकतो. त्यामुळे काही सिद्ध करावं लागत नाही. हे काम मी बरीच वर्षं करते आहे. आताशा चेहरा बघून मथळा आधी सुचतो, नाव मागाहून वाचते.

परदेशी चेहरे संपत आले तेव्हा संपादकबाईंनी इथले रॉकवाले मागितले. मी त्या आठवड्यात सुट्टीवर होते. सहकाऱ्याने निवडलेले गायक गिरगावात आमच्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहतात, मी त्यांना काका म्हणते. तरुणपणी ते कॉलेजांच्या कार्यक्रमांत इंग्रजी रॉक गात. खांद्यापर्यंत केस, आत गेलेले गाल. त्यांचा जुना बँड दादरला पुन्हा एकत्र वाजवणार होता आणि जाहिरातीत त्यांचा नवा फोटो होता. गाल गरगरीत, सुरकुती नाही.

छापील वर्तमानपत्रापासून चालत आलेली आमची एक पद्धत आहे. फोटोतला चेहरा पानाबाहेर बघणारा नको. बघत असेल तर मांडणीवाले फोटो आडवा उलटवतात. इथेही दोन चेहरे समोरासमोर यावेत म्हणून नवा फोटो उलटवला गेला आणि काकांच्या डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे गेला. खाली प्रतिक्रिया आल्या.

‘तीळपण काढला वाटतं.’

‘काढून दुसरीकडे लावला. एकावर एक फ्री.’

सुट्टीवरून परतल्यावर मी वर गेले. काका खाटेवर उशीला टेकून बसले होते.

“ये. तीळ शिफ्ट झाला म्हणे माझा.”

“हसू नका,” काकू म्हणाल्या. “मला दादरच्या वन्संचा फोन आला. डॉक्टरचा नंबर मागतायत. ह्या माणसाने जन्मात कधी साधं क्रीम लावलं नाही!”

गालांचं कारण मला माहीत होतं. काकांची फुप्फुसं कमजोर झाली आहेत. त्यावरच्या औषधांनी तोंड सुजलं होतं. मी म्हटलं, “काका, उद्या खुलासा टाकते. फोटो उलटा गेला, आणि चेहरा औषधांमुळे असा दिसतोय.”

“तीळ जागेवर ठेव,” ते म्हणाले आणि थांबले. दम खाऊन पुढचं वाक्य आलं. “गालांना हात लावू नकोस.”

“लोक काय वाट्टेल ते बोलतायत.”

“बोलू देत. आयोजकाचा फोन आला होता. म्हणाला, काका, मस्त मेन्टेन केलंय. त्याला फुप्फुसांचं कळलं ना, तर उद्या तो दुसरा माणूस उभा करेल. मला हा एक कार्यक्रम करायचाय गं.”

काकू चहा टाकायला आत गेल्या.

मी एका ओळीचा खुलासा लिहिला. फोटो उलट प्रसिद्ध झाला होता, तो दुरुस्त केला आहे. संपादकबाईंनी वाचला.

“आणि गाल? विचारलंस?”

“त्यांना त्याबद्दल बोलायचं नाही.”

“म्हणजे केलंय,” त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत नवा मथळा गेला होता. गालांवर मौन का? शेवटी आमचं नेहमीचं चिन्ह.

कार्यक्रमाला सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. बहुतेक प्रेक्षक काकांच्याच वयाचे. माझ्या पुढच्या रांगेत दोन बायका होत्या, काकांच्या कॉलेजच्या.

“अगं, काय फुगवलंय!”

“स्वस्तातला डॉक्टर असेल.”

“पण केस स्वतःचे आहेत हं.”

काका गात होते. आवाज खरखरीत झाला होता, तरी त्यांचाच होता. दर कडव्यानंतर ते प्रेक्षकांकडे पाठ करून गिटारवाल्यासमोर जाऊन उभे राहत आणि गिटार लांबत जाई. हे त्यांनी तालमीत ठरवून घेतलं होतं. लोकांना ते आवडलं, शिट्ट्या पडल्या. पुढे पुढे ते वरच्या ओळींना माइक प्रेक्षकांकडे धरू लागले. लोक मोठ्याने गायले.

मध्यंतरात मी आत गेले. काका खुर्चीत वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. काकूंच्या हातात दम्याचा पंप होता. बोलता यायला काकांना वेळ लागला.

“बाहेर काय म्हणतायत?”

“गालांबद्दलच.”

“आणि श्वास?”

“कुणाच्या लक्षात आलेलं नाही.”

त्यांनी मान हलवली. काकूंनी पंप पुन्हा त्यांच्या तोंडाशी धरला. मध्यंतर संपल्याची घंटा झाली. निम्मी गाणी अजून व्हायची होती.